के. जी. सुब्रमण्यन

कल्पाती गणपती सुब्रमण्यन (१५ फेब्रुवारी, इ.स. १९२४ – २९ जून, इ.स. २०१६) हे भारतीय चित्रकार, भित्तिचित्रकार, शिल्पकार, लेखक आणि कलाशिक्षक होते. बडोद्याचे महाराजा सयाजीराव विद्यापीठ आणि शांतिनिकेतनची विश्वभारती या दोन विद्यापीठांत मिळून त्यांनी सुमारे चार दशके अध्यापन केले. चित्रे, भाजलेल्या मातीची उत्थित शिल्पे, काचेवरील चित्रे, भित्तिचित्रे, खेळणी, विणकाम आणि बालपुस्तके अशा विविध माध्यमांत त्यांनी निर्मिती केली. कला आणि कारागिरी यांच्यात आधुनिक काळात पडलेले अंतर हा त्यांच्या चिंतनाचा मुख्य विषय होता. भारताच्या आधुनिक कलाशिक्षणाच्या जडणघडणीत त्यांचे स्थान महत्त्वाचे मानले जाते. विद्यार्थी आणि सहकारी त्यांना 'मणिदा' या नावाने ओळखत. भारत सरकारने इ.स. २०१२ मध्ये त्यांना पद्मविभूषण हा किताब दिला.

जन्म आणि प्रारंभिक जीवन

सुब्रमण्यन यांचा जन्म केरळच्या उत्तर भागातील कुथुपरंबा या गावी एका तमिळ भाषक कुटुंबात झाला. हा भाग त्या वेळी मद्रास इलाख्याच्या मलबार जिल्ह्यात मोडत असे. त्यांच्या बालपणाचा काही काळ जवळच्या माहे या फ्रेंच वसाहतीत गेला. महाविद्यालयीन शिक्षणासाठी त्यांनी मद्रासच्या प्रेसिडेन्सी महाविद्यालयात प्रवेश घेतला. तेथे त्यांचा विषय अर्थशास्त्र हा होता.

विद्यार्थिदशेत त्यांच्यावर महात्मा गांधींच्या विचारांचा प्रभाव पडला. इ.स. १९४२ च्या 'छोडो भारत' आंदोलनात भाग घेतल्याबद्दल त्यांना तुरुंगवास भोगावा लागला. सुटकेनंतर सरकारी महाविद्यालयांचे दरवाजे त्यांना बंद झाले आणि अर्थशास्त्राचे शिक्षण खंडित झाले. चित्रकलेची आवड त्यांना पूर्वीपासून होती. इ.स. १९४४ मध्ये ते शांतिनिकेतनला गेले आणि तेथील कलाभवनात दाखल झाले. ग्रामोद्योग, हस्तव्यवसाय आणि श्रमप्रतिष्ठा यांविषयीची गांधीवादी आस्था त्यांनी पुढील काळातही जपली. तिचे प्रतिबिंब त्यांच्या कलाविचारात दिसते.

शांतिनिकेतनमधील शिक्षण

इ.स. १९४४ ते १९४८ या काळात सुब्रमण्यन यांना नंदलाल बोस, विनोदबिहारी मुखर्जी आणि रामकिंकर बैज या तीन शिक्षकांचे मार्गदर्शन लाभले. तिघांच्या वृत्ती एकमेकांपासून भिन्न होत्या. नंदलाल बोस यांनी इ.स. १९३८ च्या हरिपुरा काँग्रेस अधिवेशनासाठी ग्रामीण जीवनावरील चित्रफलक रंगविले होते. अलंकरण, उत्सवाची सजावट आणि दैनंदिन वापराच्या वस्तू यांना ते कलाशिक्षणाचा भाग मानत. विनोदबिहारी हे भूदृश्याचे आणि भित्तिचित्राचे चिंतनशील चित्रकार होते. रामकिंकर यांनी सिमेंट-काँक्रीटसारख्या साध्या सामग्रीतून उघड्यावर भव्य शिल्पे उभारली होती.

विनोदबिहारी यांनी इ.स. १९४६-४७ मध्ये शांतिनिकेतनच्या हिंदी भवनात मध्ययुगीन संतांच्या जीवनावरील भित्तिचित्र रंगविले. या कामात साहाय्य करणाऱ्या विद्यार्थ्यांत सुब्रमण्यन यांचाही समावेश होता. वास्तूचा आकार, भिंतीची लांबी आणि पाहणाऱ्याची चाल यांचा विचार करून चित्राची रचना कशी करावी, याचे प्रत्यक्ष शिक्षण त्यांना येथे मिळाले. पुढे अनेक वर्षांनी त्यांनी विनोदबिहारींच्या बंगाली आत्मपर लेखनाचा 'चित्रकर' या नावाने इंग्रजी अनुवाद केला.

बडोदा : विद्यापीठातील कलाशिक्षण

पार्श्वभूमी

ब्रिटिश राजवटीत मद्रास (१८५०), कलकत्ता (१८५४) आणि मुंबई (१८५७) येथे कलाशाळा स्थापन झाल्या. देशी कारागिरीला उत्तेजन देणे हा त्यांच्या सुरुवातीच्या उद्दिष्टांपैकी एक होता. कालांतराने मात्र युरोपीय धर्तीचे यथार्थदर्शी रेखाटन आणि तैलचित्रण यांना तेथे प्राधान्य मिळाले. चित्रकार होऊ इच्छिणारा विद्यार्थी आणि पिढीजात कारागीर यांचे मार्ग वेगळे झाले.

स्वातंत्र्योत्तर काळात बडोद्यात निराळा प्रयोग सुरू झाला. सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांच्या नावाने इ.स. १९४९ मध्ये विद्यापीठ स्थापन झाले. त्याच्या पहिल्या कुलगुरू हंसा मेहता यांच्या कारकिर्दीत, इ.स. १९५० मध्ये, ललितकला विद्याशाखा सुरू करण्यात आली. येथे पदविकेऐवजी विद्यापीठीय पदवी दिली जाई, आणि प्रत्यक्ष कलाकामाबरोबर कलेतिहास व सौंदर्यशास्त्र यांचाही अभ्यास करावा लागे. मार्कंड भट्ट हे विद्याशाखेचे पहिले अधिष्ठाता होते. चित्रकला विभागाची धुरा इंदूरमध्ये जन्मलेले मराठी चित्रकार ना. श्री. बेंद्रे यांच्याकडे, तर शिल्पकला विभागाची शंखो चौधरी यांच्याकडे होती. शंखो चौधरी हेही कलाभवनाचे माजी विद्यार्थी होते. त्यापूर्वी नंदलाल बोस यांनी बडोद्याच्या कीर्तिमंदिरात भित्तिचित्रे रंगविली होती. त्यामुळे शांतिनिकेतन आणि बडोदा यांचा संबंध विद्याशाखेच्या स्थापनेआधीच जुळलेला होता.

अध्यापक

सुब्रमण्यन इ.स. १९५१ मध्ये चित्रकलेचे अधिव्याख्याते म्हणून बडोद्यात रुजू झाले. इ.स. १९५५-५६ मध्ये ब्रिटिश कौन्सिलच्या शिष्यवृत्तीवर त्यांनी लंडनच्या स्लेड कलाशाळेत अध्ययन केले. या काळातील त्यांच्या चित्रांवर घनवादी रचनापद्धतीचा परिणाम जाणवतो. वस्तुचित्रे, स्त्रिया, जनावरे आणि घराच्या आतील दृश्ये हे त्यांचे विषय होते. आकार तोडून पुन्हा जुळविण्याची रीत त्यांनी स्वीकारली, परंतु आकृती पूर्णपणे सोडून देऊन केवळ अमूर्त चित्रणाकडे ते वळले नाहीत.

हातमाग मंडळातील कार्य

इ.स. १९५९ ते १९६१ या काळात सुब्रमण्यन यांनी विद्यापीठाबाहेर, मुंबई येथे, अखिल भारतीय हातमाग मंडळाचे उपसंचालक (अभिकल्प) म्हणून काम केले. गिरण्यांच्या कापडाशी स्पर्धा करताना हातमागाला नवे नमुने आणि नवी बाजारपेठ मिळावी, यासाठी मंडळाने विणकर सेवा केंद्रे उघडली होती. या केंद्रांत चित्रकारांची नेमणूक होत असे. मराठी चित्रकार प्रभाकर बरवे यांनीही विणकर सेवा केंद्रात दीर्घकाळ नोकरी केली.

या नोकरीमुळे सुब्रमण्यन यांचा विणकर, रंगारी आणि छपाई करणारे कारागीर यांच्याशी निकटचा संबंध आला. हस्तव्यवसाय टिकण्यासाठी केवळ जुन्या नमुन्यांचे जतन पुरेसे नाही, कारागिराला उपजीविका आणि त्याच्या वस्तूला उपयोग असला पाहिजे, हा विचार त्यांच्या नंतरच्या लेखनात वारंवार येतो. अभिकल्पकाराने तयार नमुना कारागिराच्या हाती देऊन त्याला केवळ नकलाकार करणे त्यांना मान्य नव्हते. कारागिराच्या ठिकाणी सामग्रीचे ज्ञान असते, तशीच नवनिर्मितीची शक्तीही असते, असे त्यांचे प्रतिपादन होते.

विद्याशाखेतील बदल

इ.स. १९६१ मध्ये ते प्रपाठक म्हणून बडोद्यास परतले. इ.स. १९६६ मध्ये ते प्राध्यापक झाले आणि इ.स. १९६८ ते १९७४ या काळात विद्याशाखेचे अधिष्ठाता होते. हातमाग मंडळात आलेला अनुभव त्यांनी अध्यापनात आणला. माती, लाकूड, कातडे, धागे आणि मणी यांवर काम करण्यास ते विद्यार्थ्यांना प्रवृत्त करीत.

१९६० च्या दशकात विद्याशाखेत सुरू झालेली कलाजत्रा हा या दृष्टिकोनाचा सर्वांत परिचित आविष्कार होय. जत्रेसाठी शिक्षक आणि विद्यार्थी मिळून खेळणी, भांडी, दागिने, छापील कापड आणि शोभेच्या वस्तू तयार करीत. त्या सामान्य नागरिकांना परवडतील अशा किमतीत विकल्या जात. सुब्रमण्यन यांनी लाकूड, मणी आणि कातडे यांपासून बनविलेली प्राण्यांची आणि माणसांची खेळणी या जत्रांमुळे प्रसिद्ध झाली. ठोकळ्यांचे भाग जोडून आकृती सिद्ध करण्याची या खेळण्यांतील रीत आणि त्यांच्या भित्तिशिल्पांतील रचना यांत साम्य आढळते.

कलानिर्मिती

भित्तिचित्रे व भित्तिशिल्पे

लखनौ येथील रवींद्रालय या नाट्यगृहाच्या दर्शनी भिंतीवरील मृण्मय भित्तिशिल्प (१९६३) ही सुब्रमण्यन यांची महत्त्वाची कलाकृती आहे. रवींद्रनाथ ठाकूर यांच्या 'राजा' या नाटकावर ते आधारलेले आहे. या नाटकातील राजा अंधाऱ्या महालात राहतो आणि कोणाच्याही दृष्टीस पडत नाही. भाजलेल्या मातीचे लहान लहान तुकडे एकत्र जुळवून येथे मानवी आकृती, वास्तू आणि अलंकरण साधले आहे. जवळून पाहताना मातीचे सुटे आकार दिसतात, तर दूरून पाहताना त्यांची कथनात्मक मालिका होते. बंगालमधील विष्णुपूर आणि इतर ठिकाणच्या मंदिरांवर मातीच्या फरशांचे शिल्पांकन करण्याची जुनी परंपरा आहे. आधुनिक नाट्यगृहाच्या भिंतीवर तशाच सामग्रीचा वापर झाल्यामुळे हे काम लक्षणीय ठरले.

न्यू यॉर्क येथील जागतिक जत्रेतील (१९६४-६५) भारतीय दालन आणि गांधी जन्मशताब्दीनिमित्त दिल्लीत उभारलेले गांधी दर्शन (१९६९) यांसाठीही त्यांनी भित्तिकामे केली.

शांतिनिकेतनला परतल्यानंतर कलाभवनाच्या परिसरातील इमारतीच्या बाह्य भिंती त्यांनी केवळ काळ्या आणि पांढऱ्या रंगांत रंगविल्या. प्राणी, पक्षी, वृक्ष, माणसे आणि पुराणकथांतील आकृती यांनी त्या भिंती व्यापल्या आहेत. उघड्यावरील हे काम ऊन-पावसाने झिजल्यावर इ.स. २००९ मध्ये, वयाच्या पंच्याऐंशीव्या वर्षी, त्यांनी विद्यार्थ्यांच्या साहाय्याने ते नव्याने केले. जुन्या आकृती जशाच्या तशा न गिरविता त्यांनी या वेळी नवी रचना केली.

भाजलेल्या मातीची उत्थित शिल्पे

इ.स. १९६६-६७ मध्ये सुब्रमण्यन यांना न्यू यॉर्क येथे वास्तव्यासाठी जे. डी. आर. थर्ड फंडाची अधिछात्रवृत्ती मिळाली. त्यानंतरच्या काळात त्यांनी खिडकीच्या चौकटींप्रमाणे चित्रपृष्ठाचे अनेक भाग पाडणारी चित्रे केली.

१९७० च्या सुमारास ते मातीच्या उत्थित शिल्पांकडे वळले. मातीचे पातळ थर लाटणे, दुमडणे, चिमटणे, कापणे, त्यांवर गोळ्या आणि वळ्या चिकटविणे आणि नंतर ते भाजणे, अशी त्यांची पद्धत होती. कुंभारकामातील या नेहमीच्या क्रियाच येथे अर्थवाहक होतात. इ.स. १९७१ च्या बांगलादेश मुक्तिसंग्रामातील हत्याकांडाने व्यथित होऊन त्यांनी केलेल्या शिल्पमालिकेत छातीवर पदके मिरविणारे सेनाधिकारी आणि छिन्नविच्छिन्न देह दिसतात. चिमटलेली, फाटलेली माती जखमी शरीराचे रूप घेते, आणि त्याच मातीच्या गोल चकत्या सेनाधिकाऱ्यांची पदके होतात. हस्तकलेचे माध्यम हे सजावटीपुरते असते, हा समज खोडून काढणारे उदाहरण म्हणून या मालिकेचा उल्लेख केला जातो.

काचेवरील चित्रे

१९७० च्या दशकाच्या अखेरीस सुब्रमण्यन यांनी काचेच्या मागील बाजूने चित्र काढण्याचे तंत्र हाताळण्यास सुरुवात केली. हे तंत्र भारतात अठराव्या शतकात चीनशी चालणाऱ्या व्यापारातून रुजले आणि देवदेवतांच्या, तसेच व्यक्तिचित्रांच्या बाजारी निर्मितीसाठी वापरले गेले. त्यात चित्रणाचा क्रम उलटा असतो. डोळे, दागिने, बाह्यरेषा असे सर्वांत वरचे तपशील आधी रंगवावे लागतात आणि पार्श्वभूमी सर्वांत शेवटी येते. एकदा झालेली रेषा नंतर झाकता येत नसल्यामुळे हाताला निश्चितपणा लागतो.

बाजारातील हे दुर्लक्षित माध्यम घेऊन सुब्रमण्यन यांनी मध्यमवर्गीय घरातील प्रसंग, स्त्री-पुरुष संबंध, मांजरे, माकडे आणि देवतांची लौकिक रूपे मिस्कीलपणे रंगविली. नंतर काचेऐवजी अॅक्रिलिकच्या पारदर्शक पत्र्यावरही त्यांनी याच रीतीने काम केले.

उत्तरकालीन चित्रे

नंतरच्या चित्रांत दुर्गा, महिषासुर, हनुमान यांसारख्या पौराणिक प्रतिमा आणि समकालीन हिंसा एकत्र येतात. इ.स. २०१३ मधील 'वॉर ऑफ द रेलिक्स' हे अनेक भागांचे विशाल चित्र त्यांनी वयाच्या नव्वदीच्या उंबरठ्यावर पूर्ण केले. संस्कृती आणि धर्म यांच्या नावाने चालणारा संघर्ष हा त्याचा विषय आहे. त्यात माणसे, पशू, शस्त्रे आणि भग्नावशेष यांची दाटी आहे.

शांतिनिकेतनला पुनरागमन

इ.स. १९७७-७८ मध्ये सुब्रमण्यन अभ्यागत अध्यापक म्हणून विश्वभारतीत होते. इ.स. १९८० मध्ये बडोद्याचे प्राध्यापकपद सोडून ते कलाभवनात चित्रकलेचे प्राध्यापक झाले. इ.स. १९८७-८८ मध्ये ऑक्सफर्डच्या सेंट कॅथरिन्स महाविद्यालयात ते अधिछात्र होते. निवृत्तीनंतर, इ.स. १९८९ मध्ये, विश्वभारतीने त्यांना गुणश्री प्राध्यापक केले. शांतिनिकेतनमधील दीर्घ वास्तव्यानंतर इ.स. २००४ मध्ये ते पुन्हा बडोद्यास स्थायिक झाले. तेथेच २९ जून, इ.स. २०१६ रोजी, वयाच्या ९२ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

कलाविचार आणि लेखन

सुब्रमण्यन यांनी कलाविषयक विपुल लेखन केले. 'मूव्हिंग फोकस' (१९७८), 'द लिव्हिंग ट्रॅडिशन' (१९८७) आणि 'द क्रिएटिव्ह सर्किट' (१९९२) हे त्यांचे प्रमुख निबंध व व्याख्यानसंग्रह होत. यांतील बरेचसे लेखन व्याख्यानांच्या निमित्ताने झालेले आहे, त्यामुळे त्याचा अध्यापनाशी निकटचा संबंध आहे.

त्यांच्या मते परंपरा ही भाषेसारखी असते. बोलणारे लोक असतात तोवर भाषा जिवंत राहते आणि बोलताबोलता बदलते. त्याचप्रमाणे परंपरेतही प्रत्येक पिढी भर घालते. म्हणून परंपरेचे आंधळे अनुकरण आणि तिचा संपूर्ण त्याग हे दोन्ही पर्याय त्यांनी नाकारले. समाजातील दृश्यव्यवहाराकडे त्यांनी उतरंडीऐवजी सलग पट्टा म्हणून पाहिले. अंगणातील रांगोळी, कुंभाराचे मडके, विणकराचे वस्त्र, मंदिराचे शिल्प आणि चित्रकाराचे चित्र हे एकाच पट्ट्यावरचे निरनिराळे बिंदू होत. एका टोकाचा ऱ्हास झाला, तर दुसऱ्या टोकाचेही पोषण थांबते, असे त्यांचे म्हणणे होते.

मुलांसाठी त्यांनी स्वतः लिहून चित्रित केलेली पुस्तकेही उल्लेखनीय आहेत. त्यांपैकी 'द टेल ऑफ द टॉकिंग फेस' ही आणीबाणीच्या काळावरील रूपककथा आहे. कापलेल्या कागदासारख्या ठसठशीत काळ्या-पांढऱ्या आकारांत तिची चित्रे आहेत.

विद्यार्थी आणि प्रभाव

बडोद्यात त्यांच्या हाताखाली शिकलेल्यांत ज्योती भट्ट, गुलाममोहम्मद शेख, हकू शाह, नीलिमा शेख आणि मृणालिनी मुखर्जी यांचा समावेश होतो. या कलावंतांची कामे बाह्यतः एकमेकांसारखी नाहीत. ज्योती भट्ट यांनी मुद्राचित्रणाबरोबरच ग्रामीण भारतातील भित्ति-अलंकरण आणि रांगोळी यांचे छायाचित्रांद्वारे दीर्घकाळ दस्तऐवजीकरण केले. हकू शाह यांनी आदिवासी व लोककलांचा अभ्यास केला. गुलाममोहम्मद शेख यांनी चित्रकला, गुजराती कविता आणि कलेतिहासाचे अध्यापन या तिन्ही क्षेत्रांत काम केले. नीलिमा शेख यांच्या चित्रांत लघुचित्रपरंपरेचा नवा विचार आढळतो.

विनोदबिहारींच्या कन्या मृणालिनी मुखर्जी यांनी बडोद्यात सुब्रमण्यन यांच्या मार्गदर्शनाखाली भित्तिरचनेचा पदव्युत्तर अभ्यास केला. तागासारख्या धाग्यांच्या दोरांना गाठी मारून त्यांनी पुढे भव्य शिल्पे घडविली. दोर वळणे व गाठ मारणे हे घरगुती आणि व्यावसायिक कौशल्य आधुनिक शिल्पाचे माध्यम होऊ शकते, हे त्यांच्या कामाने दाखविले. विनोदबिहारींकडून सुब्रमण्यन यांच्याकडे आलेला वारसा अशा रीतीने पुन्हा मुखर्जी कुटुंबात पोचला.

मूल्यमापन

सुब्रमण्यन यांच्या कारकिर्दीचा बहुतांश काळ कलाबाजाराचा विस्तार होण्यापूर्वीचा आहे. विद्यापीठातील वेतनामुळे त्यांना विक्रीची चिंता न करता खेळणी, मातीकाम किंवा काचचित्रे यांसारख्या कमी प्रतिष्ठेच्या माध्यमांत प्रयोग करता आले. उलट, अध्यापनातून उद्भवलेल्या प्रश्नांची उत्तरे त्यांनी आपल्या कलाकृतींत शोधली. त्यामुळे त्यांच्या बाबतीत शिक्षक आणि कलावंत या दोन भूमिका वेगळ्या काढणे कठीण जाते.

त्यांच्या विचारातील एक प्रश्न मात्र कलाशिक्षणात अद्याप खुला आहे. पिढीजात कारागीर आपले कौशल्य घरी आणि जातिव्यवसायातून शिकतो, तर विद्यापीठातील विद्यार्थी प्रवेशप्रक्रिया, अभ्यासक्रम आणि पदवी या मार्गाने येतो. कारागिराची सामग्री व तंत्रे विद्यापीठात आली, तरी खुद्द कारागीर बहुधा त्याच्या बाहेरच राहिला. या दोन जगांमध्ये देवाणघेवाण व्हावी यासाठी सुब्रमण्यन यांनी हातमाग मंडळात आणि कलाजत्रेत प्रयत्न केले. विद्यापीठाच्या पातळीवरील अशा प्रयत्नांत ते अग्रणी मानले जातात.

इ.स. २००३ मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाने त्यांच्या कार्याचे सिंहावलोकन करणारे प्रदर्शन भरविले. कलेतिहासकार आर. शिवकुमार यांनी त्याचे संयोजन केले होते.

निवडक सन्मान

- पद्मश्री (१९७५)
- कालिदास सन्मान, मध्य प्रदेश शासन (१९८१)
- पद्मभूषण (२००६)
- पद्मविभूषण (२०१२)